बालवाडीच्या बाईंची स्मरणिका आणि स्मृतिसभा कशी करावी

हायस्कूलच्या शिक्षकांची स्मरणिका काढणं त्या मानाने सोपं असतं. विद्यार्थ्यांना तास आठवतात, निकाल असतात, जुन्या वार्षिकांकात लेख सापडतात. बालवाडीच्या बाईंच्या बाबतीत यातलं काहीच हाताशी नसतं. त्यांच्याकडे असताना मुलं तीन ते सहा वर्षांची होती. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला पुढे जवळपास काही आठवत नाही, आणि त्यानंतरची काही वर्षंही तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. वाडीत परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती. मग लेख मागवले की सगळीकडून एकच मजकूर येतो: प्रेमळ, मायाळू, सेवाभावी. हे खोटं नसतं, पण ते वाचून त्या बाई डोळ्यांपुढे उभ्या राहत नाहीत, आणि त्यांचं काम तर मुळीच कळत नाही.

म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: बाई रोज नेमकं काय करायच्या, ते गोळा करणं. रडणारं मूल कसं गप्प व्हायचं, पाटीवर पहिली रेघ कशी यायची, डबा न आणलेल्या मुलाचं काय व्हायचं. हे ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून आहेत, पण ती म्हातारी झाली आहेत. तेव्हा कामाला उशीर करू नका.

आधी सामान वाचवा

तेरा दिवसांच्या आत घरच्यांना प्रश्न विचारू नयेत. दोनच विनंत्या कराव्यात, त्याही एकाच जवळच्या माणसामार्फत.

पहिली विनंती: वाडीचं म्हणून घरात जे असेल ते एका खोक्यात टाकून ठेवा, त्यातलं काय ठेवायचं ते नंतर बघू. मुंबईतली घरं लहान, त्यामुळे महिन्याभरात कपाट रिकामं होतं आणि वह्या रद्दीत जातात. हजेरीपट, गॅदरिंगच्या नाचांच्या याद्या, तक्ते, कापडी बाहुल्या, मण्यांचे डबे, गाण्यांच्या वह्या, कॅसेट, सगळं खोक्यात जाऊ द्या. फाटकी गाण्याची वही ही यातली सगळ्यात मोलाची वस्तू असते आणि नेमकी तीच आधी टाकली जाते, कारण वरून ती कच्ची वही वाटते. वाडीच्या खोलीतलं कपाटही त्याच आठवड्यात बघा. इमारत पुनर्विकासाला गेली असेल किंवा जाणार असेल तर हे आणखी तातडीचं आहे.

दुसरी विनंती: बाईंचा फोन फॉरमॅट करू नका आणि सिमचं रिचार्ज निदान वर्षभर चालू ठेवा. नंबर बंद पडून दुसऱ्या कोणाला गेला की व्हॉट्सॲपचं खातंही हातचं जातं. त्यातले व्हॉइस मेसेज म्हणजे बऱ्याचदा बाईंचा उरलेला एकमेव आवाज.

कामाची वाटणी तिघांत करा: एकाकडे मुलाखती, एकाकडे फोटो आणि वस्तू, एकाकडे मजकूर. घरच्यांशी बोलणारा माणूस मात्र एकच असावा. तीन बाजूंनी फोन गेले की घरचे कंटाळतात आणि मग खरं महत्त्वाचं विचारायचं राहून जातं. सवड धरून चार महिने लागतात.

कोणाला विचारायचं

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकून थांबू नका. त्यांच्याकडून वास, रंग, एखादी ओळ, सतरंजीवर कुठे बसायचो ते, एवढं मिळेल. तेही घ्या, पण खरी माहिती दुसरीकडे आहे.

सगळ्यात आधी मदतनीस ताईंकडे जा. मुलांना घरून आणणं, नाक पुसणं, खाऊ वाटणं, ओली चड्डी बदलणं, हे करताना बाईंना दिवसभर पाहिलेली ती एकच व्यक्ती. सभेत त्यांना कोणी बोलायला सांगत नाही, म्हणून त्या स्वतःहून पुढे येत नाहीत. त्यांच्या घरी जाऊनच बोलावं लागतं.

मग आया आणि आज्या. त्यांनी वाडीचं दार रोज दोनदा पाहिलेलं आहे. लालबाग-परळच्या चाळींतली बरीच कुटुंबं आता डोंबिवली, बदलापूर, विरारला आहेत. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या याद्या आणि चाळीच्या कमिटीचे ग्रुप यांवरून पत्ते लागतात. एकीचा पत्ता मिळाला की ती बाकीच्या चौघींचे सांगते.

तिसरं नाव सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: जवळच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई. ह्या वाडीतून आलेली मुलं आणि थेट घरून आलेली मुलं यांतला फरक त्यांना दिसायचा. “तिच्याकडची मुलं रांगेत उभी राहायची” असं एक वाक्य त्यांच्याकडून आलं, तर ते दहा स्तुतिलेखांपेक्षा जास्त सांगतं. याशिवाय कार्डशीट आणि खडू देणारा स्टेशनरीवाला, खाली राहणारे शेजारी, बाईंच्या जोडीने प्रशिक्षण घेतलेली मैत्रीण.

प्रश्न कसे विचारायचे

“बाई कशा होत्या?” असं विचारलंत तर विशेषणच मिळणार. प्रसंग विचारा, आणि प्रश्नात जागा, वेळ आणि वस्तू असू द्या.

जूनमधल्या पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलाला त्या कुठे बसवायच्या? आईला आत थांबू द्यायच्या का, किती दिवस? मुलांना बसतं करायला कोणतं गाणं? ओरडायच्या का, आणि ओरडल्यावर पुढे काय? डावऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल बदलायच्या का? घरी तेलुगू, भोजपुरी किंवा गुजराती बोलणारं मूल आलं की त्याच्याशी कसं बोलायच्या? सू झाली तर? एखादा मुलगा चावायचा तर? वाडी सुटल्यावर कोणी न्यायला आलं नाही तर? पावसात गुडघाभर पाणी भरायचं त्या दिवशी वाडी असायची का?

शेवटचा प्रश्न नेहमी हा ठेवा: “त्या ते कसं करायच्या, ते करून दाखवाल?” समोरचा माणूस उठतो, हात हलवतो आणि तोंडाने सांगताना न आठवलेल्या चार गोष्टी त्याला हात हलल्यावर आठवतात. हे बसून सांगणं नाही, म्हणून इथे ऑडिओ पुरत नाही. व्हिडिओ घ्या, आणि चेहऱ्याबरोबर हातही चौकटीत येतील इतक्या अंतरावरून घ्या. अभिनयगीतं तर व्हिडिओशिवाय उतरवूच नयेत. बोल कागदावर राहतात, हातवारे हरवतात.

सोबत एक पिशवी न्या: पाटी, पेन्सिल, ओवायचे मोठे मणी, लाकडी ठोकळे. बोलण्याआधी त्या वस्तू हातात द्या. नुसत्या प्रश्नांनी जे हलत नाही ते मणी ओवायला घेतल्यावर हलतं.

वाईट अनुभवही येतील. बाईंनी एखाद्याला कोपऱ्यात उभं केलं असेल, फटका मारला असेल. ते टाळू नका, लिहून घ्या. छापायचं की नाही ते नंतर ठरवा. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईंची स्मरणिका त्यांच्या मुलांनाही ओळखीची वाटत नाही.

रेकॉर्डिंग

साधा स्मार्टफोन पुरतो. तो घडी केलेल्या नॅपकिनवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. टेबलावर थेट ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज आत शिरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबतं. पंखा बंद करावा लागतो, म्हणून वेळ सकाळी आठ-साडेआठची घ्या. मुंबईच्या उकाड्यात दुपारी पंख्याविना आजींना बसवणं बरं नाही. रस्त्याकडची खिडकी लावून घ्या आणि कुकर चढलेला नाही ना, ते बघा.

सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव स्वतःच्या आवाजात बोला, आणि रेकॉर्ड करायला त्यांची परवानगी आहे हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. पाऊण तासाच्या वर ताणू नका. वय झालेली माणसं थकतात आणि मग “हो, हो” म्हणायला लागतात. फाईलला त्याच दिवशी नाव द्या, आधी तारीख, मग नाव. त्याच रात्री दुसऱ्या एका जागी प्रत करा. व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल तर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा. फोटो आणि व्हिडिओ साधे पाठवले की दाबून लहान होतात, आणि ते छपाईच्या वेळी कळतं.

लिहून काढताना मालवणी, आगरी, घाटावरची बोली जशी आहे तशी ठेवा. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय कच्च्या खर्ड्यापुरती बरी, पण आडनावं आणि गावांची नावं ती हमखास चुकवते.

सालं जुळवणं

“नव्वदच्या आसपास” या शब्दांवर स्मरणिका उभी राहत नाही. पण सालं विचारून कोणाला आठवत नाहीत, म्हणून दोन युक्त्या वापरा.

पहिली हिशेबाची. माजी विद्यार्थ्याला दहावीचं साल पक्कं आठवतं. त्यातून दहा वजा केले की पहिली सुरू झाल्याचं साल येतं. मार्च १९९६ ला दहावी, म्हणजे पहिली जून १९८६ ला सुरू झाली, म्हणजे बालवाडीची दोन वर्षं जून १९८४ ते १९८६. मध्ये वर्ष गेलं असेल तर सगळं एकेक वर्ष मागे. वीस-पंचवीस जणांचं असं मांडलं की बाई कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत त्या खोलीत होत्या, ते आपोआप दिसतं.

दुसरी, शहराच्या आठवणींना बांधण्याची. गिरणगावात विचारा: संप लागला तेव्हा बाई होत्या का? गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे १९८१-८२ चं शैक्षणिक वर्ष. इथेच पुढचा प्रश्नही विचारून घ्या: संपाच्या दिवसांत फी कोणी भरली, बाईंनी मागितली का? अशाच खुणा म्हणजे मुंबईत दूरदर्शन सुरू झालं तो २ ऑक्टोबर १९७२, विश्वचषकाचा २५ जून १९८३, इंदिरा गांधी गेल्या तो ३१ ऑक्टोबर १९८४, बॉम्बस्फोटांचा १२ मार्च १९९३, महापुराचा २६ जुलै २००५, आणि मार्च २०२० ची टाळेबंदी. २६ जुलैला दुपारच्या वर्गाची मुलं कोणाच्या घरी राहिली, हा प्रश्न मुंबईतल्या प्रत्येक वाडीसाठी विचारण्यासारखा आहे.

प्रत्येक तारखेला दोन वेगवेगळे आधार हवेत, त्यातला एक शक्यतो कागद. नावाचंही तसंच. माहेरचं नाव, सासरचं नाव, प्रमाणपत्रावरचं नाव आणि मुलं हाक मारायची ते नाव अशी चार नावं निघू शकतात. चारही एकदा नोंदवा आणि मग स्मरणिकेत मुलं म्हणायची तेच वापरा. “बाई” असतील तर बाई, “ताई” असतील तर ताई, “टीचर” असतील तर टीचर.

कागद कुठे शोधायचे ते बाई कुठे होत्या यावर अवलंबून आहे. संस्थेच्या बालवाडीत असतील तर संस्थेचे वार्षिक अहवाल आणि पगारपत्रक. अंगणवाडी सेविका असतील तर बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात नियुक्तीचा आदेश. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळतं. तेव्हा “सरकारी नोकरीतून निवृत्त” असं लिहू नका. शिवाय सेविकेचं काम गाण्या-गोष्टींपुरतं नसतं. वजनं घेणं, लसीकरणाला मुलं जमवणं, आहार वाटणं, गरोदर बायकांच्या घरी जाणं, हेही स्मरणिकेत यायला हवं.

प्रशिक्षण कुठे झालं ते नक्की शोधा, कारण बाईंच्या बऱ्याच सवयींचं मूळ तिथे सापडतं. महाराष्ट्रातल्या बालशिक्षणावर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा ठसा आहे. भावनगरला गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला, १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने काम चाललं. महागड्या परदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून शिकवणं ही त्या कामाची शिकवण. तुमच्या बाईंच्या डब्यात चिंचोके आणि शिंपले निघाले तर ते गरिबीपोटीच ठेवलेले असतील असं लगेच धरू नका. ते त्या विचारातून आलेले असू शकतात.

बाईंनी केलेल्या वस्तू

यावर वेळ घालवा. बालवाडीच्या बाईंचं लेखन म्हणजे त्यांची साधनं.

प्रत्येक वस्तू साध्या, एकरंगी चादरीवर ठेवून, बाजूला फूटपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो काढा. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू. मग तीन गोष्टी लिहा: कशाची केली, कशी वापरायच्या, किती वयाच्या मुलासाठी. साफ करायची घाई करू नका. उदाहरणार्थ, पॉलिश पेपर (खरखरीत काचकागद) कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं “अ” घ्या. मुलाने पहिली दोन बोटं त्यावरून फिरवायची असतात, लिहिण्याच्याच दिशेने. अनेक वर्षं वापरलेल्या अक्षरावर उजेड तिरका पाडून बघा: जिथे बोटं फिरली तिथला खरखरीतपणा गेलेला असतो, आणि सुरुवातीच्या टोकाला पुठ्ठा तेलकट, काळपट झालेला असतो. अक्षराला सुरुवात कुठून करायला शिकवलं, हे त्या डागावरून ओळखता येतं. हा पुठ्ठा ओल्या फडक्याने पुसला की तो पुरावा गेला.

सभेत मुलांना खेळायला द्यायच्या वस्तू नव्या करून घ्या, मूळ वस्तू हाताळायला देऊ नका. तीन वर्षांखालची भावंडं येणार असतील तर चिंचोके, गुंजा आणि बारीक मणी मांडूच नका. ते घशात अडकतात, आणि गुंजा तर विषारी आहेत.

फोटो

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात त्रास देतात. फोटो नखाने ओढलात तर वाकतो आणि वरचा थर फाटतो. दात साफ करायचा पातळ दोरा फोटोच्या मागून घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करत न्या. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेवरूनच स्कॅन करा, सोडवायला जाऊ नका. बुरशी आली असेल तर ओलं काहीही लावू नका. कोरड्या हवेत सुकू द्या आणि मऊ ब्रशने झटका. भर पावसाळ्यात अल्बम उघडे ठेवू नयेत.

पोस्टकार्डाएवढे किंवा लहान फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ६०० वर घेतला की २१०० बाय ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे छपाईच्या ३०० डीपीआयला सात बाय दहा इंच, स्मरणिकेचं अख्खं पान भरेल इतका. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा उठाव पुढे दिसतो.

ग्रुप फोटोतल्या मुलांना ओळखण्यासाठी एक प्रत छापून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि ती फिरवा. मूळ फोटोवर काही लिहू नका. आणि हे कटाक्षाने पाळा: आज लहान असलेल्या मुलांचा फोटो आई-वडिलांच्या लेखी परवानगीशिवाय छापायचा नाही. मोठ्या झालेल्यांनाही विचारा. “घरात खायला नव्हतं तेव्हा बाईंनी डबा दिला” ही आठवण बाईंची थोरवी सांगते, पण त्या मुलाचं नाव त्याला न विचारता छापलं तर त्याच्या आजच्या घरात काय होईल, याचा विचार करा. नाव नसलं तरी आठवण तेवढीच खरी राहते.

स्मरणिका

मधोमध पिन मारलेली पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत येतात. बत्तीस पानं आणि वेगळं मुखपृष्ठ, डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, हा हिशेब बहुतेकांना पुरतो. आत ९० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, फोटोंच्या पानांना १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम कार्ड. दोन-तीनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेटचा भाव मागा आणि तुलना करा.

एका पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. आठ पानं फोटोंना दिली तर उरलेल्या चोवीस पानांत साडेसहा हजार शब्दांच्या आसपास. त्यात बाईंचं चरित्र हजार शब्द, गाणी आणि साधनं दोन हजार, आठवणी साडेतीन हजार. म्हणून लेखकांना आधीच सांगा: तीनशे शब्द, एकच प्रसंग, विशेषण नको. आधी मर्यादा न सांगता नंतर कापलंत तर माणसं दुखावतात.

गाण्यांच्या पानांवर सगळ्यात जास्त चुका होतात. बाईंच्या वहीत त्यांच्या अक्षरात असलेलं गाणं त्यांनीच रचलेलं असतं असं नाही. बहुतेक बडबडगीतं पारंपरिक असतात किंवा नावाजलेल्या कवींची असतात. “बाईंच्या वहीतून” असं लिहा. “रचना” हा शब्द खात्री असेल तरच. कवीचं गाणं संपूर्ण छापायचं तर हक्क कोणाकडे आहे ते बघावं लागतं. नाहीतर पहिली ओळ द्या आणि हातवारे कसे करायच्या ते वर्णन करा. तसंही तेच जास्त उपयोगाचं असतं.

डीटीपीवाला, म्हणजे छपाईसाठी पानं लावणारा, जुना फाँट वापरत असेल तर तुमचा युनिकोड (फोनवर नेहमी टाइप होतो तो) मजकूर बदलताना मोडतो. “वाऱ्यावर”, “ॲल्बम”, “कर्त्या”, “क्ष”, “ज्ञ”, “द्ध” हे शब्द आणि अक्षरं शोधून बघा. ती शाबूत असतील तर बाकीचंही बहुधा ठीक असतं. प्रूफं दोन वेळा वाचा. एकदा भाषेसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त नावं, तारखा आणि फोटोंखालच्या ओळी. नावांचं वाचन दोघांनी करावं, एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने यादीशी ताडावं. छापायला देण्याआधी पूर्ण पीडीएफ घरच्यांना द्या आणि निदान चार दिवस द्या.

सभा

पहिला स्मृतिदिन सोयीचा, पण तो मे महिन्यात, गणपतीत किंवा परीक्षांच्या काळात येत असेल तर जवळचा दुसरा दिवस घ्या. मेमध्ये निम्मी मुंबई गावी असते. रविवारी उपनगरी मार्गांवर दिवसा मेगाब्लॉक असतो, आणि जुने लोक आता कल्याण-विरारकडून येणार. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पाचनंतर ठेवा आणि निघायच्या आधी वेळापत्रक बघा असं निमंत्रणातच लिहा. जागा शक्यतो वाडीचीच खोली किंवा चाळीचं पटांगण. हॉल घ्यावा लागला तर तळमजल्यावरचा. आजी दुसऱ्या मजल्यावर चढत नाहीत, आणि ज्यांना सगळं माहीत आहे त्याच येत नाहीत.

दीड तासाच्या वर नेऊ नका. समई आणि फोटोला हार, दहा मिनिटं. मग लगेच मदतनीस ताई, दहा मिनिटं, मुलाखतीसारख्या, कोणीतरी शेजारी बसून प्रश्न विचारत. मग पाच-पाच मिनिटांचे सहा वक्ते. मध्ये दोन-दोन मिनिटांची तीन रेकॉर्डिंग, ज्यात न येऊ शकलेल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज असतील. बाईंचा व्हॉइस मेसेज वाजवणार असाल तर घरच्यांना आधी ऐकवा आणि त्यांची हो असेल तरच वाजवा. शेवटी पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून बाईंची अभिनयगीतं, हातवाऱ्यांसकट. पन्नाशीतली माणसं उभी राहून करतात. लाजतील म्हणून ते वगळू नका.

शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे आणि लोकप्रतिनिधींची मनोगतं यांनी अशा सभा हातच्या जातात. कोणाला बोलवायचंच असेल तर बोलण्याची वेळ आधी ठरवून घ्या, आणि त्यांना मदतनीस ताईंच्या नंतर ठेवा. व्यासपीठापर्यंत चालत यायला लावू नका. हातातला माइक बसलेल्या माणसाकडे न्या. हाराच्या फोटोसाठी बारा बाय अठरा इंच पुरतो, त्याला निदान २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाईल लागते. पासपोर्ट फोटो मोठा करण्यापेक्षा मुलांत बसलेल्या बाईंचा फोटो घ्या, थोडा धूसर असला तरी.

नंतर

सगळी फाईल दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. क्लाउडचं खातं असेल तर त्याचा पासवर्ड निदान दोघांकडे हवा. स्मरणिकेच्या प्रती शाळेला, वस्तीतल्या वाचनालयाला आणि आधी विचारून १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला द्या.

पैसे उरले तर बाईंच्या नावाचा पुरस्कार काढण्याआधी तो दहा वर्षं कोण चालवणार, ते ठरवा. चालवणारा नक्की नसेल तर त्या पैशांतून बाईंच्या पद्धतीच्या साधनांचे संच करून चालू असलेल्या वाड्यांना द्या: पॉलिश पेपरची अक्षरं, मोठे मणी, ठोकळे, कापडी बाहुल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला वापरायची पद्धत लॅमिनेट करून चिकटवा, नाहीतर नवीन ताईंना डबा कशासाठी आहे ते कळत नाही आणि तो कपाटावर चढतो.

सभेनंतर आठवणींचा दुसरा लोट येतो. घरी जाता जाता ट्रेनमध्ये लोकांना आठवतं. म्हणून स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर याच कामासाठी उघडलेला एक ईमेल पत्ता छापा आणि पुढचे दोन महिने तो रोज बघायची जबाबदारी एकावर सोपवा. आलेल्या दुरुस्त्या, ओळखता आलेली मुलं आणि नव्या आठवणी पीडीएफमध्ये घालून, पहिल्या पानावर दुसऱ्या आवृत्तीची तारीख टाकून सगळ्यांना पुन्हा पाठवा.